चाळीसवरचा काटा

वर्ध्याला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं दुकान आहे. पाटीवर एकच शब्द आहे: ‘मीटर’. पेंटरने विचारलं होतं, पुढे काय लिहू? मी म्हटलं, एवढं पुरे, ज्याला कळायचं त्याला कळेल. कोणालाच कळलं नाही. निम्मं आयुष्य मी लोकांना विजेच्या ऑफिसचा रस्ता दाखवण्यात घालवलं. एक आजोबा तर भिंतीवरचं विजेचं मीटर चक्क उपसून, पिशवीत घालून माझ्या टेबलावर घेऊन आले होते. ‘लय पळते, जरा हळू करून द्या,’ म्हणाले. मी त्यांना चहा पाजला आणि कोणाला न दाखवता ते जसंच्या तसं घरी न्यायला सांगितलं.

माझं मीटर म्हणजे फटफटीचं. हँडलच्या मधोमध काचेखाली जी गोल तबकडी असते, वेग दाखवणारा काटा आणि खाली किलोमीटरचे फिरते आकडे, ती. आजच्या गाड्यांत तिथे आकडे चमकतात आणि बिघडलं की अख्खा डबा बदलतात. ते दुरुस्त करायची सोय नाही, आणि कोणाला गरजही वाटत नाही. मी जुन्या गाड्यांचा माणूस. आता डोळ्यांना चष्म्यावर आणखी एक भिंग लागतं, पण सकाळी दोन-तीन तास बसतो. जिल्ह्यात जुन्या फटफट्या अजून बऱ्याच आहेत, आणि त्यांचे मालक गाड्यांपेक्षा हट्टी आहेत.

आता हे यंत्र चालतं कसं, ते सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. पुढच्या चाकातून एक तार निघते आणि काळ्या नळीतून वर मीटरपर्यंत येते. चाक फिरलं की तार फिरते, आणि तारेच्या टोकाला असलेला लोहचुंबक फिरतो. त्या चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची एक छोटी वाटी असते, आणि वाटीच्या दांडीला काटा. गंमत अशी की चुंबक आणि वाटी एकमेकांना शिवत नाहीत. मधे नुसती हवा. तरी चुंबक फिरायला लागला की वाटीला त्याची ओढ लागते आणि तीही मागोमाग फिरू पाहते. तिला मागे धरून ठेवते केसाएवढी बारीक कमान, घड्याळात असते तशी. एक ओढतो, एक धरून ठेवते, आणि दोघांच्या ताणाताणीत काटा जिथे थांबतो, तो तुमचा वेग.

हे मला पहिल्यांदा नीट समजलं तेव्हा मी ते भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. माझ्याकडे स्थळ घेऊन आलेल्या सासऱ्यांनाही सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि घरी जाऊन म्हणाले, पोरगा जरासा म्याट आहे, पण व्यसन काही दिसत नाही. बायको हे वाक्य अजून वर्षातून एकदा तरी पाहुण्यांना ऐकवते.

मीटर पुढच्या चाकावर चालतं, मागच्या नाही, हे फार थोड्यांना ठाऊक असतं. त्यापायी मी जितक्या शिव्या खाल्ल्या तितक्या आणखी कशापायी खाल्ल्या नसतील. हिंगणघाटचे एक सावजी मीटर दुरुस्त करून घेऊन गेले आणि दुसऱ्याच दिवशी लाल होऊन परत आले. काटा उठतच नाही म्हणाले. मी त्यांच्या गाडीवर बसून चक्कर मारून आलो, काटा झकास. ते गेले आणि पुन्हा आले. मग मी म्हटलं, तुम्ही पाहता कसे ते मला दाखवा. त्यांनी गाडी मोठ्या स्टँडवर चढवली, कान फुटेस्तोवर रेस दिली, मागचं चाक गरगर फिरलं, आणि विजयी मुद्रेने मीटरवर बोट ठेवून म्हणाले, ‘पाहा!’ पुढचं चाक जमिनीवर स्वस्थ उभं होतं. मी खाली बसून ते हाताने फिरवलं तेव्हा काटा जरासा हलला. सावजींनी गाडी स्टँडवरून उतरवली आणि निघून गेले. पुढे मात्र त्यांनी मला खूप गिऱ्हाईक पाठवलं, आणि प्रत्येकाला बजावलं, ‘स्टँडवर पाहून त्या माणसाशी भांडू नका, आपली इज्जत जाते.’

तसंच कापसाच्या गोदामात पडून राहिलेल्या एका गाडीचं. मीटर हातात घेतलं तर वजन दुप्पट. वरचं कडं उघडलं तर आत कुंभारमाशीने मातीचं घर बांधलेलं, काट्यासकट. तारेच्या भोकातून ती आत-बाहेर करत असणार. हे कडं उघडणं हीच आमच्या धंद्यातली खरी कसोटी. ते पत्र्याचं असतं आणि कारखान्यात मशीनने मुडपलेलं असतं. करंजीची कड उलगडायची आणि पुन्हा तशीच दुमडायची, पण करंजी फुटली नाही पाहिजे, असं ते काम आहे. घाई करणाऱ्याचं नाही.

हे काम मला नागपूरला एका घड्याळजींनी शिकवलं. त्यांना सगळे चाचा म्हणत. चाचा घड्याळातून मीटरकडे वळले होते, कारण लोकांनी घड्याळं दुरुस्त करून घेणं सोडलं होतं. त्यांचं बोलणं मोजकं. जुन्या गाड्या विकणारे लोक त्यांच्याकडे किलोमीटरचे आकडे मागे फिरवून घ्यायला येत. पन्नास हजार पळालेली गाडी वीस हजारांची करायची. हाताला जमत असेल तर सोपं काम आहे. चाचा मान वर न करता म्हणत, ‘काँटा किसी का नौकर नहीं, मियाँ.’ आकडा असो की काटा, त्यांच्या लेखी सगळं काटाच. मी वर्ध्याला दुकान टाकायला निघालो तेव्हा त्यांनी मला एक भिंग दिलं आणि तेच वाक्य पुन्हा ऐकवलं.

म्हणून मी प्रत्येक मीटर रस्त्यावर तपासल्याशिवाय दिलं नाही. मोठ्या शहरांत त्यासाठी मशीन असतं. माझ्याकडे पवनारचा रस्ता होता. जुन्या फटफटीचं एक धूड मी केवळ त्यासाठी पाळलेलं. मीटर त्यावर चढवायचं, पवनारकडे निघायचं आणि किलोमीटरच्या दगडावर लक्ष ठेवायचं. काटा साठवर धरला, तर एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत बरोबर एक मिनिट लागलं पाहिजे. कमी-जास्त लागलं की समजायचं, कमान ढिली आहे किंवा ताठ आहे. मग धाम नदीच्या काठावर बसून मीटर उघडायचं, कमान केसभर सरकवायची आणि त्याच दगडांवरून परत यायचं. रस्ता रुंद झाला तेव्हा जुने दगड गेले आणि नवे आले. नव्यांवर माझा विश्वास बसायला बराच वेळ लागला. नदीकाठच्या आश्रमात येणारे लोक मला ओळखू लागले होते. नदीकाठी बसून हा माणूस रोज काहीतरी बारीक कोरत असतो, हा कोणीतरी साधक असावा, असाही एक समज होता. मी तो मोडला नाही.

हे सगळं सांगितलं ते वामनराव आणि शोभाताई यांची गोष्ट नीट समजावी म्हणून. आयुष्यात मी हजारो मीटरं उघडली असतील, पण लक्षात राहिलं आहे ते हे एक.

वामनराव म्हणजे श्यामजी पंतांच्या तळेगावचे. गुरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. गाई-म्हशींच्या जखमा बांधत अख्खा आष्टी तालुका त्यांनी एकाच काळ्या फटफटीवर पालथा घातलेला. रिटायर झाले, बायको गेली, पण गाडी सुटली नाही. मुलगी शोभा आष्टीला शाळेत मास्तरीण. तिचा नवरा परगावी नोकरीला, म्हणून ती वडिलांकडेच राहायची. रोज सकाळी वामनराव तिला मागे बसवून आष्टीला सोडायचे आणि संध्याकाळी आणायचे. त्यांच्या दिवसाचे हे दोन खांब होते. मधला सगळा वेळ ते गाडी पुसत.

ते पहिल्यांदा माझ्याकडे आले ते बसने. मीटर धोतराच्या फडक्यात गुंडाळून पिशवीत आणलेलं. वर्षानुवर्षं बंद पडलेलं.

‘इतके दिवस कसं चालवलं मग?’ मी विचारलं.

‘कानानं,’ ते म्हणाले. ‘इंजनाच्या ठोक्यावरून सांगत होतो म्या, किती चालली ते. पण आता कानानं दगा देल्ला. अन् परवा पडलो आमी.’

पडले ते वळणावर. वेग किती आहे त्याचा अंदाज आला नाही, गाडी कच्च्यात उतरली आणि दोघंही आडवी झाली. फार लागलं नाही. वामनरावांचा कोपर खरचटला आणि शोभाताईंच्या साडीची चाळण झाली. पण त्यांच्या मनात भीती बसली. त्यांनी वडिलांना निक्षून सांगितलं, मीटर चालू करा, काटा मला मागून दिसला पाहिजे, आणि तो चाळीसच्या वर गेला तर मी त्याच जागी उतरेन. नाहीतर मी बसने जाते आणि गाडी विकून टाका.

मी म्हटलं, बरोबर आहे, दुरुस्त करून देतो. वामनराव उठले. जाता जाता दारातून परत आले, माझ्या टेबलावर वाकले आणि गुपचूप सांगितलं. आता कान गेलेल्या माणसाचं गुपचूप ते केवढं. समोरच्या पानवाल्याने पान लावायचं थांबवलं.

‘भाऊ, एक काम करजो. काटा जरा आळशी ठेवजो. पंचावन्ननं पळवली तरी त्यानं चाळीसच दाखवलं पाह्यजे. चाळीसनं म्हैस चालते, गाडी नाई. पोरीले काई सांगू नोको.’

‘पण वामनराव, खोटं मीटर मी…’

‘काय?’

‘खोटं मीटर करत नाही म्हणतो,’ मी ओरडलो.

‘हाव, हाव. करजो,’ ते खूश होऊन म्हणाले आणि बस पकडायला गेले.

मी मीटर उघडून ठेवलं. पुढच्याच आठवड्यात शोभाताई आल्या. वर्ध्याला शिक्षकांचं काही प्रशिक्षण होतं, तिथून आल्या. हातात छत्री, चेहरा गंभीर. बसल्या, पाणी प्यायल्या आणि इकडे-तिकडे पाहून हळूच बोलल्या. वडिलांच्या मानाने फारच हळू.

‘भाऊ, बाबाचं मीटर तुमच्याकडं हाये ना? एक विनंती होती. ते जरा पुढं पळवता येते काय? म्हणजे गाडी तीसनं चालून राह्यली असन तं काट्यानं चाळीस दाखवलं पाह्यजे. बाबा चाळीसपर्यंत नेतीनच. माह्या जीवाले घोर लागते. त्याहीले ऐकू येत नाई, मागून ट्रक आला तरी समजत नाई.’

‘मग सरळ सांगा ना त्यांना, तीसच्या वर नेऊ नका म्हणून.’

‘तीस म्हटलं तं ते गाडीच सोडून देतीन. अन् गाडी सोडली तं दिवसभर ओट्यावर बसून रस्त्याकडं पाहतीन. आई गेली तवा असेच बसत होते. थे मले पाहवणार नाई. गाडी चालली पाह्यजे अन् हळू चालली पाह्यजे, इतकंच.’

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. त्या छत्रीची मूठ गोल गोल फिरवत राहिल्या.

आता माझी काय अवस्था झाली असेल ते पाहा. एकच मीटर, आणि बापाला ते मागे हवं, लेकीला पुढे. दोन्ही हाताला सोपं. कमान केसभर इकडे सरकवली की काटा आळशी होतो, तिकडे सरकवली की चढेल. बापाचं ऐकावं तर एक बहिरा म्हातारा मुलीला मागे बसवून पंचावन्ननं हायवे ओलांडणार. लेकीचं ऐकावं, तर तिचं मागणं काही वाईट नव्हतं. खरं सांगतो, दोन दिवस मी तिच्या बाजूने झुकलो होतो. कमानीला चिमटाही लावला होता. पण हाताने काम केलं नाही. आज शोभाताईंच्या काळजीपोटी मी काटा खोटा केला, तर उद्या आणखी कोणाच्या तरी काळजीपोटी करीन. आणि काळजी नसलेला माणूस कधी माझ्या दुकानात आलाच नव्हता. गाडी विकणारासुद्धा मुलीच्या लग्नाची काळजी सांगूनच आकडे फिरवून मागायचा.

शेवटी मी मीटर जसं असायला हवं तसं केलं. पवनारच्या दगडांवर दोनदा तपासलं. चाळीस म्हणजे चाळीस, केसभर इकडे नाही की तिकडे नाही. वामनराव न्यायला आले तेव्हा त्यांनी भुवया उडवून विचारलं, झालं काय? मी मोठ्याने म्हटलं, ‘तुमचं म्हणणं माझ्या पक्कं ध्यानात आहे.’ ते हसले आणि माझ्या खांद्यावर थाप मारली. शोभाताईंचा फोन आला, त्यांनाही मी शब्दशः तेच सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘देव तुमचं भलं करो भाऊ.’ यात एकही शब्द खोटा नव्हता, हे मी बायकोला तीनदा समजावून सांगितलं. ती म्हणाली, मीटर खरं केलं आणि तोंड खोटं केलं, एवढंच. बायको मीटरबद्दल फारसं बोलत नाही, पण बोलते ते असं.

नंतर बरेच महिने काही खबर नाही. मला धाकधूक एकच, की वामनरावांना चाळीस फार हळू वाटेल आणि ते काटा पुढे रेटतील. दुसरी धाकधूक मोबाइलची. हल्ली मोबाइलसुद्धा वेग सांगतो. पण काटा आपल्या सांगण्याप्रमाणे केला आहे असं शोभाताई धरून चालल्या होत्या, त्यामुळे मोबाइल पर्समध्येच राहिला असावा.

मग एक दिवस दुकानात आलेल्या आर्वीच्या एका गिऱ्हाइकाने सहज सांगितलं, तळेगावच्या चौफुलीवर जुन्या फटफटीला ट्रकने उडवलं, म्हातारा माणूस होता म्हणतात.  शोभाताईंना फोन लावला, लागेना. दुकान बंद केलं आणि मिळेल ती बस धरली. आर्वीमार्गे तळेगावपर्यंत मला खिडकीबाहेर काही दिसलं नाही. डोक्यात एकच, की मी लेकीचं ऐकलं असतं तर म्हातारा तीसनं चालला असता. चाचांचं वाक्य त्या बसमध्ये मला काही कामाला आलं नाही.

तळेगावात उतरलो तर बाजाराचा दिवस. गर्दीतून वाट काढत विचारत विचारत घरी पोचलो, तर वामनराव अंगणात खाली बसून गाडीचं चाक पुसत होते. मी तिथेच ओट्यावर टेकलो. ट्रकने उडवलेली गाडी दुसरी होती आणि तो माणूसही सुदैवाने वाचला होता.

‘तुमी काऊन आले भाऊ? अन् इतके घामाघूम काऊन?’ ते म्हणाले.

‘बाजार करायला आलो,’ मी ओरडून सांगितलं.

‘वर्ध्यात बाजार नाई भरत काय?’ असं म्हणून ते हसले आणि उठून गाडीवर बसले. ‘बसा मागं. शोभीले आणाचं हाये आष्टीहून. तिले आणाच्या आधी तुमाले चक्कर दाखवतो.’

मी मागे बसलो. संत्र्यांच्या बागांमधून रस्ता जातो. वामनराव ताठ बसले होते, मफलर उडत होता, आणि माझं लक्ष सगळं त्यांच्या खांद्यावरून काट्याकडे. काटा चढला तीसवर, पस्तीसवर, आणि चाळीसला येऊन उभा राहिला. देवळातल्या समईच्या ज्योतीसारखा शांत. कानाने चालवणारा तो माणूस आता डोळ्याने चालवत होता, आणि काट्याला चाळीसच्या पुढे जाऊ देत नव्हता. मुलीला दिलेला शब्द तो अक्षरशः पाळत होता.

एका उतारावर त्यांनी मान मागे वळवली आणि मोठ्याने गुपित सांगितलं. ‘पाह्य भाऊ! पंचावन्न! अन् पोरीले वाटते चाळीस!’

शेतातून दोन माणसांनी वर पाहिलं. मी म्हटलं, ‘हाव.’ वाऱ्यात त्यांना ऐकू गेलं नाही, पण त्यांना उत्तर नकोच होतं. इतका सुखी माणूस मी फार कमी पाहिला आहे. पंचावन्नचा आनंद ते चाळीसमध्येच घेत होते.

संध्याकाळी शोभाताईंनी चहा दिला आणि वडील आत गेल्यावर माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, ‘तुमच्या मीटरनं मोठं काम केलं भाऊ. तीसनं नेतात बाबा आता मले. मी मागं बसून वह्या तपासू शकते, इतकी शांत असते.’ मी चहा पिता पिता ठसकलो. त्यांनी पाठीवर थोपटलं आणि पाणी आणून दिलं.

परतीच्या बसमध्ये मला हसू यायला लागलं ते वर्धा येईपर्यंत थांबेना. त्या दोघांमध्ये एक काटा होता आणि तो खरं बोलत होता, पण दोघांचाही त्याच्यावर विश्वास नव्हता. विश्वास नव्हता म्हणूनच दोघांचंही भागत होतं. मी मोठी मसलत करून हे घडवलं असं कोणी म्हणेल, तर नाही. मी फक्त कमान सरकवली नाही.

ही गोष्ट इथेच संपली असती तरी चाललं असतं. पण मधे काही वर्षं गेली, आणि या वर्षी उन्हाळा सरता सरता दुकानासमोर त्याच काळ्या फटफटीचा आवाज ऐकू आला. ठोका ओळखीचा. मी भिंग काढून बाहेर आलो. गाडी शोभाताई चालवत होत्या. मागे वामनराव, दोन्ही हात लेकीच्या खांद्यावर. त्यांच्या दोन्ही डोळ्यांची ऑपरेशनं झाली होती आणि डॉक्टरांनी गाडी बंद म्हणून सांगितलं होतं. म्हणजे ओट्यावर बसणं आलं. तेव्हा शोभाताईंनी शाळेच्या मैदानावर संध्याकाळी गाडी शिकायला घेतली. शिकवणारे अर्थात वामनराव. दोनदा पडल्या, एकदा गोलपोस्टची जाळी घेऊन पडल्या, पण शिकल्या. लायसन काढलं. आता सकाळी त्या स्वतः गाडी घेऊन निघतात, वडील मागे बसून आष्टीपर्यंत जातात, शाळेसमोरच्या हॉटेलात जुन्या मित्रांबरोबर बसतात आणि शाळा सुटली की परत येतात. दिवसाचे दोन्ही खांब जागेवर राहिले. त्या दिवशी सुट्टी म्हणून त्या जिद्दीने वर्ध्यापर्यंत आल्या होत्या.

वामनराव उतरून पानवाल्याकडे गेले. शोभाताई माझ्याकडे आल्या.

‘भाऊ, आता मीच चालवते. त्या वक्ती तुमाले पुढं पळवाले सांगतलं होतं ना मीटर? आता थे खरं करून द्या. मले खरं समजलं पाह्यजे.’

मला वाटलं, आता पुरे. मी म्हणालो, ‘ताई, ते खरंच आहे. पहिल्या दिवसापासून. मी त्यात काही केलंच नव्हतं.’

त्यांना पटकन उमगलं नाही. ‘म्हणजे चाळीस म्हणजे…’

‘चाळीस.’

त्या गाडीच्या सीटवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता रागावतील आणि त्यांना तो हक्कच आहे. पण त्यांच्या चेहऱ्यावर निराळंच काही येत होतं. ‘म्हणजे एवढे वर्सं बाबा मले चाळीसनं नेत होते,’ त्या सावकाश म्हणाल्या. ‘अन् मी भेली नाई. वह्या तपासत होती.’ आणि त्या हसायला लागल्या, तोंडाला पदर लावून, डोळे पुसत.

तेवढ्यात वामनराव पान खात परत आले. त्यांनी मला बाजूला घेतलं. बाजूला म्हणजे दोन हात लांब. आणि गुपचूप बोलले.

‘भाऊ, थे आपलं काम आता उलटं करून दे. काटा खरा कर. म्या पंचावन्ननं नेली तिले, माहा हात पक्का होता. पण पोरगी नवी हाये. तिले वाटन चाळीस अन् गाडी असन पंचावन्न, मंग? पडन ना थे.’ आणि मग छाती काढून म्हणाले, ‘इतके वर्सं पंचावन्ननं नेलं, तिले कळू नाई देल्लं.’

गल्लीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. शोभाताईंना तर गेलंच. त्या माझ्याकडे पाहत होत्या. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी वडिलांच्या पाठीमागून ओठांवर बोट ठेवलं आणि मान हलवली. नका सांगू.

मी ओरडून म्हटलं, ‘हो. करून देतो.’

मीटर काढून आत नेलं. टेबलावर ठेवलं, दिवा लावला, डोळ्याला भिंग लावलं. कडं उघडलं नाही. नुसती काच पुसली, मागचा नट घट्ट केला आणि मीटर थोडा वेळ तसंच हातात धरून बसलो. बाहेर दोघांचं चहा घेण्यावरून काहीतरी चाललं होतं, एक ओरडत होता आणि एक हसत होती. या धंद्यात माझ्या हाताखालून हजारो बिघडलेली मीटरं गेली. न बिघडलेलं दुरुस्त केलं ते हे एकच, आणि आजवरचं सर्वांत चांगलं काम मला तेच वाटतं.

बाहेर येऊन मीटर बसवून दिलं. ‘आता खरं आहे,’ मी दोघांनाही सांगितलं.

शोभाताईंनी किक मारली. वामनराव मागे बसले, मफलर गुंडाळला आणि लेकीच्या खांद्यावरून पुढे वाकून काट्याकडे पाहू लागले. गाडी गल्लीतून निघाली, पंधराच्या वर नसेल, तरी कोपऱ्यावर वळताना त्यांचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

‘शोभे, चाळीसच्या वर नेशीन तं मी उतरन हो!’